पाणपोईची चाल

‘‘ही चाल कुठली हो, मास्तर?’’

बँडघराच्या ओसरीवर आम्ही दोघंच होतो. दुपारची तालीम संपून बाकीची मंडळी पांगली होती. मी क्लॅरोनेटच्या सांध्याला मेण लावलेला दोरा गुंडाळत होतो, आणि मास्तर खुर्चीत बसून आपली छडी फडक्यानं पुसत होते. छडी पुसताना ते नेहमी एकच चाल गुणगुणायचे. सहा वर्षं मी ती ऐकत आलो होतो. आमच्या बँडच्या चोपड्यांत ती कुठंच नव्हती. मार्च नव्हे, सलामी नव्हे, इंग्रजी नाचाचीही नव्हे. गरागरा फिरायची आणि शेवटाला येऊन अशी काही उतरायची, की जणू उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं.

मास्तरांनी गुणगुणणं थांबवलं. ‘‘माझा,’’ ते म्हणाले. ‘‘माझा गाणा.’’

आमच्या बँडमास्तरांचं खरं नाव एउसेबियो लारोंदो. गाव स्पेनमधलं माद्रिद. कुरुंदगडच्या महाराजांनी त्यांना मुंबईच्या एका हॉटेलात वाजवताना ऐकलं आणि उचलून आणलं. आमच्या गावाला ते नाव कुठलं पेलतंय! आठवड्याच्या आत एउसेबियोचं येसोबा झालं. टांगेवाले, भाजीवाल्या, खुद्द दिवाणसाहेबसुद्धा त्यांना येसोबा मास्तर म्हणायचे. मास्तरांनी कधी हरकत घेतली नाही. एकदा मला म्हणाले होते, ‘‘येसोबा बरा. एउसेबियो तिकडे संपला.’’

मी नागेश गुरव. घरात सात पिढ्यांची सनई. मी क्लॅरोनेट हातात धरली म्हणून वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पण मास्तरांनी मला पोटच्या पोरासारखं शिकवलं, आणि म्हणून सगळ्या बँडात त्यांना असलं काही विचारायची हिंमत माझी एकट्याची होती.

‘‘तुमची? मग सांगा की!’’

त्यांनी सांगितलं. तुटक्या मराठीत, हातवारे करून, अडलं तिथं चार स्वर गाऊन. माद्रिदला म्हणे तासा-तासाची संगीत नाटकं असतात. संध्याकाळपासून एकामागून एक चार खेळ. हसवायचं, नाचायचं, मधूनच गाणी, थेट आपल्यासारखं. मास्तरांनी असली एकतीस नाटकं बसवली होती. एकेक गाणं रातोरात गल्लीबोळात पोचायचं. न्हावी दाढी करताना गायचे, मोलकरणी कपडे वाळत घालताना गायच्या. ही चाल बत्तिसाव्या नाटकातली. शहराच्या चौकात पाणी विकणारी एक बाई असते, तिचं गाणं.

‘‘आणि मग?’’

‘‘मग शेवटचा दिवस.’’ मास्तरांनी छडी मांडीवर ठेवली. ‘‘ती गाते. संपते. सगळा थेटर शिट्टी.’’ दोन बोटं त्यांनी ओठांपाशी नेली, पण वाजवली नाहीत. ‘‘वर शिट्टी, खाली शिट्टी. पुढे चार मित्र टाळी मारतात, ऐकू येत नाही. इतकी शिट्टी. मी जहाजात बसला, तरी कानात शिट्टी. आज पण.’’

त्यांचे डोळे भरून आले होते. एवढा सहा फुटी, पिंगट मिशांचा माणूस, आणि डोळ्यांत पाणी!

‘‘केवढं भाग्य, मास्तर!’’ मी म्हणालो.

ते माझ्याकडे वळले. ‘‘भाग्य म्हणजे काय?’’

‘‘म्हणजे... नशीब.’’

‘‘होय,’’ मास्तर म्हणाले. ‘‘नशीब.’’

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. ज्या माणसानं अख्खं थिएटर शिट्ट्यांनी दणाणताना ऐकलंय, तो आमच्या मैदानावर रविवारी सलामी वाजवतो, आणि समोर पोलिसांच्या धाकानं चिडीचूप बसलेले लोक मोजून टाळ्या वाजवतात. कसं वाटत असेल त्याला? बँडपुढं शिट्टी मारायची आमच्या गावात कुणाची छाती नव्हती. आणि नाटक-तमाशाला मास्तर कधी जायचेच नाहीत. महाराजांनी स्वतः पास धाडला तरी प्रकृतीचं निमित्त सांगायचे. मला वाटायचं, जुन्या वैभवाची आठवण सोसवत नसेल.

त्याच हिवाळ्यात महाराजांच्या गादीला पंचवीस वर्षं होणार होती. त्या समारंभासाठी रत्नदीप संगीत मंडळी महिनाभर आधीच गावात येऊन उतरली. मालक अण्णा बिवलकर. त्यांच्या नव्या नाटकात एक राणी वेश पालटून पाणपोईवर पाणी घालायला बसते, असा प्रवेश होता, आणि तिथलं पद काही केल्या बसत नव्हतं. अण्णा माझ्या ओळखीचे. त्यांनी माझ्यापाशी रडगाणं गायलं, आणि मी टुणकन उडालोच. पाणी विकणारी बाई तिथं, पाणपोईवरची राणी इथं! आणखी काय जुळायचं राहिलं होतं?

मास्तर ऐकेनात. ‘‘थेटर नको,’’ एवढंच.

तीन दिवस मी त्यांचा पिच्छा पुरवला. चौथ्या दिवशी अण्णांना आणि राणीचं काम करणाऱ्या मुकुंदाला थेट त्यांच्या बंगलीवर घेऊन गेलो. मुकुंदा वीस-बावीसचा, गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम विसरावं. मी क्लॅरोनेटवर चाल धरली आणि मुकुंदानं अण्णांचे शब्द त्यावर बसवले.

‘‘घोट घे रे वाटसरा, ऊन फार आहे...’’

मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे होते. दुसऱ्या ओळीला त्यांचा हात हलायला लागला. तिसऱ्या ओळीला ते गर्रकन वळले आणि ओरडले, ‘‘नाय, नाय! इथे श्वास नाय घेयचा! ती पाणी ओतते. पाणी मध्येच थांबते काय?’’

झालं! मास्तर आमचे झाले.

पुढचे तीन आठवडे म्हणजे काय सांगू! माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. रोज दाढी, काळा कोट, मिशांना मेण. मुकुंदाला शिकवायचे, पेटीवाल्याला शिकवायचे, तबलजीशी भांडायचे आणि मग त्याच्याच पानातली सुपारी खायचे. बँडातले आम्ही पाच जण त्यांनी साथीला घेतले. आमचा कॉर्नेटवाला कायतान तेवढा नाताळाची लांब रजा घेऊन गोव्याला आपल्या घरी गेला होता. तो असता तर... पण असो, तो नव्हता.

एक दिवस मी बंगलीवर गेलो तर मास्तर टेबलावर वाकून लिहीत होते. जाडजूड नवी वही. निम्मी भरली होती.

‘‘हे काय आता?’’

त्यांनी वहीवर हात ठेवला, शाळकरी मुलगी निबंध झाकते तसा. मग हसले. ‘‘तीन अंक. मराठी. पूर्ण माझा. अण्णा म्हणतो, लिहा. सतरा वर्षे एक स्वर नाय लिहिला, नागेस. आता रात्री झोप नाय, आपोआप येते.’’

‘‘मग होऊ द्या की पुरं!’’

‘‘थांब.’’ त्यांचा चेहरा उतरला. ‘‘आधी हे गाणं. माणसं घेतली, तर पुरं करतो. नाय घेतली...’’ त्यांनी वही मिटली. ‘‘माझं वय एकसष्ट. एकदा विचारतो. पुन्हा नाय विचारणार.’’

‘‘घेतील हो! डोक्यावर घेतील!’’

मी बोलून गेलो खरा, पण बाहेर पडल्यावर विचार करायला लागलो. घेतील कशावरून? समारंभाचा खेळ, पुढं महाराज, दिवाण, शेजारच्या संस्थानचे पाहुणे. असल्या लोकांपुढं आमचं पब्लिक तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. गाणं आवडलं तरी कुणी हूं की चूं करणार नाही, आणि मास्तर समजतील की पडलं. ते काही नाही, मी ठरवलं. मास्तरांना त्यांचं माद्रिद दाखवायचं.

मी तालमीतल्या पैलवानांना गाठलं. टांगा स्टँडवर गेलो. बाबू टांगेवाला माझा दोस्त, आणि त्याची शिट्टी अशी की गावाच्या वेशीवरचं घोडं कान टवकारील. पन्नास-साठ गडी जमवले. सगळ्यांना पिटात, गॅलरीत, कोपऱ्या-कोपऱ्यात वाटून दिलं.

‘‘पाणपोईचं पद संपलं की उठवायचं थिएटर,’’ मी सांगितलं.

‘‘वन्समोअर द्यायचा ना?’’ बाबूनं विचारलं.

‘‘वन्समोअर नको. टाळ्या पण नकोत. नुसत्या शिट्ट्या. मास्तरांच्या मुलखात तशीच रीत आहे. त्यांनी स्वतः मला सांगितलंय.’’

‘‘आणि महाराज चिडले तर?’’

‘‘निस्तरीन मी.’’

‘‘येसोबा मास्तरांसाठी काय पण,’’ बाबू म्हणाला. त्याच्या लेकीच्या लग्नात मास्तर स्वतः बँड घेऊन गेले होते, हे तो कधी विसरला नव्हता.

रात्री दरबार होता म्हणून खेळ दुपारी चारला लावला होता. थिएटर गच्च. मास्तर रंगमंचाच्या पायथ्याशी, ऑर्गनच्या बाजूला उभे. मी त्यांच्या डाव्या हाताला. पहिला अंक झाला, दुसरा सुरू झाला. पडदा वर गेला, पाणपोई दिसली, आणि मास्तरांनी उचललेली छडी पुन्हा खाली घेतली. मी हळूच म्हणालो, ‘‘मास्तर, मी आहे.’’

ते किंचित हसले आणि छडी उचलली.

मुकुंदा त्या दिवशी जो गायला तसा पुन्हा गायलेला मी ऐकला नाही. मास्तरांनी सांगितलं होतं तिथं त्यानं श्वास घेतला नाही. पाणी ओतल्यासारखी ती ओळ धार धरून खाली आली. शेवटचा स्वर मी फुंकला तेव्हा थिएटरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मी क्लॅरोनेट खाली केली आणि मागं वळून बाबूकडं पाहिलं.

आणि मग शिट्ट्या सुटल्या. अगदी ठरल्यासारख्या, वरून, खालून, बाजूनं. आणि गंमत म्हणजे जी माणसं मी ठेवली नव्हती त्यांनीही दोन बोटं तोंडात घातली. गाणंच तसं झालं होतं. बायकांच्या चिकाच्या पडद्याआड बांगड्या वाजत होत्या, पण त्या कोण ऐकतो? पुढच्या खुर्च्यांतल्या चार टाळ्या कुठल्या कुठं बुडून गेल्या. छपराचे पत्रे थडथडत होते. महाराजसुद्धा हसत होते. मला वाटलं, जिंकलं! आयुष्यात एक तरी काम चोख केलं आपण.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, आनंदानं असं होतं माणसाचं. त्यांनी छडी अलगद ऑर्गनवर ठेवली. प्रेक्षकांकडे वळले, कमरेत वाकून नमस्कार केला, अगदी खोल. शिट्ट्या दुप्पट झाल्या. मग त्यांनी खुर्चीखालची टोपी घेतली आणि बाजूच्या दारानं निघून गेले.

अण्णांनी विंगेतून खूण केली. आम्ही ते पद मास्तरांशिवाय दुसऱ्यांदा वाजवलं. मी हसत हसत वाजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन मी बंगलीवर. सगळ्या खिडक्या बंद. मास्तर टेबलाशी बसले होते आणि टेबल मोकळं होतं. शेगडीत राखेचा ढीग, वर एक अर्धवट जळलेला जाड पुठ्ठा.

‘‘मास्तर, वही?’’

‘‘विचारलं,’’ ते म्हणाले. ‘‘उत्तर आलं.’’

मला काहीच उमजेना. ‘‘अहो, असं काय? काल केवढं झालं! गावभर तुमचंच नाव आहे.’’

‘‘होय. ऐकतो.’’

त्यांनी बंद खिडकीकडं बोट केलं. रस्त्यानं कुणीतरी टांगा हाकत चालला होता आणि शिट्टीवर तीच चाल वाजवत होता. पाणपोईची. त्याच्या मागून दुसरा कुणी आला, तोही तीच.

‘‘सकाळपासून,’’ मास्तर म्हणाले. ‘‘माद्रिदला निदान रस्त्यात नाय केलं.’’

मी पेढे ठेवले आणि निघून आलो. बायकोला म्हणालो, मोठी माणसं, लहरी असतात. तीन आठवडे मी असंच म्हणत राहिलो. मास्तर वेळेवर तालमीला यायचे, मार्च वाजवून घ्यायचे, मान वर न करता जायचे. छडी पुसायचे, पण गुणगुणायचे नाहीत. इकडं गावाला त्या चालीनं वेड लावलं होतं. जो तो शिट्टीवर तीच चाल, आणि मास्तरांच्या बंगलीवरून जाताना तर मुद्दाम, मास्तरांना ऐकू जावी म्हणून, प्रेमानं. बंगलीच्या खिडक्या काही उघडल्या नाहीत.

मग कायतान परत आला. बँडघरात सगळ्यांना घरून आणलेली दोदोल मिठाई वाटत होता, आणि मी त्याला झाला प्रकार मोठ्या कौतुकानं सांगत होतो. शिट्ट्यांपाशी आलो तसा त्याचा हात थांबला.

‘‘कितें म्हणालास? शिट्ट्यो?’’

‘‘मग! साठ माणसं ठेवली होती. त्यांच्या देशासारखं.’’

‘‘सायबा भोगोस!’’ कायताननं कपाळावर हात मारला. ‘‘अरे गाढवा, पोर्तुगेजांत नि त्या स्पॅनिशांत शिट्टी म्हणजे थू! नाटक पडलं, चालते व्हा, तोंड दाखवू नका. तिथं शिट्टी मारून माणसाला रंगमंचावरून हाकलतात. त्याचं नाटक शिट्ट्यांनी पाडलं होतं रे, म्हणून तो देश सोडून आला!’’

माझ्या हातून दोदोल खाली पडला. सगळा थेटर शिट्टी. जहाजात बसला तरी कानात शिट्टी. आणि मी म्हणालो होतो, केवढं भाग्य.

अनवाणी पळत सुटलो. मास्तर बंगलीच्या दारातच होते. मी त्यांचे पाय धरले आणि धाय मोकलून रडायला लागलो.

‘‘मास्तर, आमच्यात शिट्टी म्हणजे वाहवा! देवाशप्पथ! आमच्याकडं लई आवडलं की शिट्टी मारतात. त्या दिवशी लोक वेडे झाले होते तुमच्या गाण्यानं!’’

मास्तरांनी मला उठवलं, खुर्चीत बसवलं, पाण्याचा पेला दिला. माझी समजूत घालावी तसे म्हणाले, ‘‘माद्रिदला पण एक मित्र होता. चांगला माणूस. म्हणाला, शिट्टी तुला नाय, त्या नटीला. तू पण चांगला माणूस.’’

‘‘मी समजूत घालत नाही हो! खरं सांगतो!’’

‘‘होय, होय.’’

‘‘मास्तर, ऐका तरी! मला पक्कं ठाऊक आहे, कारण मीच सांगितलं होतं त्यांना! मीच माणसं ठेवली होती. वन्समोअर नको, टाळ्या नकोत, नुसत्या शिट्ट्या मारा, असं मी सांगितलं होतं!’’

त्यांनी माझ्या हातातला पेला घेऊन टेबलावर ठेवला.

‘‘तू?’’

‘‘हो, मी! तुम्हाला आवडेल म्हणून...’’

‘‘टाळी नको सांगितलं?’’

‘‘हो, पण...’’

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. राग असता तर मी सोसला असता.

‘‘तिकडे पण कुणीतरी माणसं ठेवली होती,’’ ते म्हणाले. ‘‘शिट्टीसाठी. कोण, कधी कळलं नाय. सतरा वर्षे विचार केला.’’ त्यांनी पेला नीट सरळ केला. ‘‘इथे कळलं.’’

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. बाबूला हाक मारून आणलं, कायतानला आणलं. कायतान त्यांच्याशी पोर्तुगीजमध्ये घसा फाटेपर्यंत बोलला. मास्तर सगळ्यांचं शांतपणे ऐकत होते आणि मान हलवत होते. मधे एकदाच त्यांनी कायतानला काहीतरी विचारलं. बाहेर आल्यावर कायताननं मला ते सांगितलं. ते म्हणाले होते, ‘‘मी त्याला मनापासून शिकवलं. कुठं दुखावला असेल तो?’’

आठवड्यानं मास्तरांनी राजीनामा दिला. महाराजांनी पुष्कळ आग्रह केला, पण नाही. सकाळच्या मोटारीनं स्टेशनला जायचं ठरलं. मी स्टँडवर गेलो. ट्रंक टपावर चढवली. त्यांनी नको म्हटलं नाही.

आणि स्टँडवर सगळे टांगेवाले जमले होते. बाबूनं हार आणला होता. मास्तर मोटारीत बसले, इंजिन सुरू झालं, तशी बाबूनं दोन बोटं तोंडात घातली आणि पाणपोईची चाल धरली. बाकीच्यांनी उचलली. एवढ्या हळुवार शिट्ट्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. दोघं-तिघं तर वाजवता वाजवता रडत होते.

मास्तरांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. किती वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

‘‘नागेस, त्यांना सांग. आता पुरे. मी जातोय.’’

काय करणार होतो मी? सगळं सांगून झालं होतं. मी वळलो आणि दोन्ही हात वर केले.

‘‘थांबा रे. मास्तर पुरे म्हणतात.’’

शिट्ट्या एकदम बंद झाल्या. बाबू कावराबावरा झाला. ‘‘काय झालं? चुकली का चाल?’’ त्यानं विचारलं.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘चाल बरोबर होती.’’

मास्तरांनी टोपी काढून सगळ्यांना नमस्कार केला, तसाच, खोल वाकून. मोटार नाक्यावरून वळेपर्यंत कुणी आवाज केला नाही.